नावानिशी आमंत्रण

बालमित्रांनो,

आज आधी एक शब्द घेऊ या. नाताळ! सुट्ट्यांच्या यादीत तुम्ही तो दरवर्षी वाचता. नाताळची सुट्टी म्हटलं की स्वारी खूश! पण हा शब्द आला कुठून, याचा विचार केलाय कधी? वाटतो मराठी, पण मूळचा आहे पोर्तुगीज. वसई, चौल, गोवा या भागांत पोर्तुगीजांनी कित्येक वर्षं राज्य केलं. ते गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहून गेले. चावी, बटाटा, पगार, पाव, घमेलं, बिजागरी... आणि नाताळ! पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे ख्रिसमस. त्याचंही मूळ आहे जुन्या लॅटिन भाषेत. तिथे त्याचा अर्थ होतो 'जन्माचा'. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण, म्हणून नाताळ.

आता गंमत बघा हं. इटली देशातले लोक या सणाला 'नाताले' म्हणतात. म्हणजे उद्या तुम्ही रोमच्या रस्त्यावर उभे राहून नुसतं "नाताळ!" असं म्हणालात, तरी तिथल्या एखाद्या आजीबाईंना ते कळेल. त्या हसून म्हणतील, "बुओन नाताले!" म्हणजे शुभ नाताळ!

तर आज आपल्याला रोमलाच जायचं आहे. तिथल्या एका पंगतीला. पंगत म्हणजे लग्नातली असेल, मुंजीतली असेल, सप्त्यातली असेल, असं तुम्हांला वाटेल. ही पंगत बसते चर्चमध्ये. आणि पाहुणे कोण? तर ज्यांना त्या दिवशी कुणीच जेवायला बोलावलेलं नसतं, ते!

नदीपलीकडची वस्ती

रोम शहरातून टायबर नावाची नदी वाहते. इटालियन भाषेत तिला 'तेव्हेरे' म्हणतात. नदीच्या पलीकडे एक जुनी वस्ती आहे, त्रास्तेव्हेरे. नावाचा अर्थच 'तेव्हेरेच्या पलीकडची'. आपल्याकडेही नदीपलीकडच्या वाडीला सगळे 'पलीकडची वाडी' असंच म्हणतात ना, तसंच हे!

या वस्तीत सांता मारिया नावाचं एक फार जुनं चर्च आहे. त्याची आजची इमारत बाराव्या शतकातली. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माच्याही आधीची! आतले दगडी खांब तर त्याहूनही जुने. प्राचीन रोमन लोकांच्या इमारतींमधून आणून ते इथे उभे केले आहेत. समोरच्या अर्धगोल छतावर काचेचे लहान लहान रंगीत तुकडे जोडून चित्रं केली आहेत. दिवे लागले की ती सोन्यासारखी झळकतात.

एरवी अशा ठिकाणी आपण आवाज न करता, पाय न वाजवता चालतो. पण २५ डिसेंबरला सकाळची प्रार्थना झाली की तिथे एकच धांदल उडते. बसायची बाकं भराभर बाजूला होतात. त्यांच्या जागी लांबच लांब टेबलं येतात. त्यांवर लाल कापडं अंथरली जातात. ताटल्या, पेले, फुलं मांडली जातात. आणि थोड्या वेळात त्या सोनेरी चित्रांच्या खाली शेकडो माणसं जेवायला बसतात.

कोण असतात ही माणसं? काही रस्त्यावर राहणारी, घर नसलेली. काही म्हातारी, एकेकट्या खोलीत राहणारी. काही लांबच्या देशांतून लढाईमुळे किंवा गरिबीमुळे पळून आलेली. त्यांच्यात ख्रिस्ती असतात, मुसलमान असतात, कुठलाच धर्म न मानणारेही असतात. "तुमचा धर्म कोणता?" असं दारात कुणी विचारत नाही.

आणि वाढपी कोण? पगारी माणसं नव्हेत बरं का! कुणी शिक्षिका, कुणी कारकून, कुणी परिचारिका, कुणी कॉलेजात शिकणारा मुलगा. ही सारी माणसं 'सांत एजिदिओ' नावाच्या एका समुदायातली किंवा त्या दिवसापुरती मदतीला आलेली. स्वतःच्या घरचं नाताळचं जेवण बाजूला ठेवून ती इथे येतात.

एका विद्यार्थ्याने सुरुवात केली

हा समुदाय कुणी सुरू केला असेल? एखाद्या मोठ्या धर्मगुरूने? एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याने? छे! शाळेतल्या एका मुलाने.

वर्ष होते १९६८. आंद्रेआ रिकार्दी नावाचा १८ वर्षांचा मुलगा रोममध्ये शिकत होता. त्या काळात युरोपभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. जग बदललं पाहिजे, असं सगळेच म्हणत होते. आंद्रेआने आपल्या काही मित्रमैत्रिणींना जमवलं. ते एकत्र बसून बायबल वाचत, प्रार्थना करत. मग त्यांना वाटलं, आपण वाचतो ते खरं मानायचं, तर नुसतं बसून चालणार नाही.

त्या वेळी रोमच्या कडेकडेने झोपड्या होत्या. गावाकडे काम नाही म्हणून दक्षिण इटलीतून आलेली कुटुंबं पत्र्याच्या, लाकडी फळ्यांच्या खोपट्यांत राहत होती. तिथली मुलं शाळेत मागे पडायची, मग शाळाच सोडून द्यायची. आंद्रेआ आणि त्याचे मित्र स्वतःची शाळा सुटली की दुपारी तिथे जाऊ लागले. मुलांना जमवून वाचायला, लिहायला, गणितं सोडवायला शिकवू लागले. विचार करा, जे स्वतः विद्यार्थी, तेच दुपारी मास्तर! ती दुपारची शाळा पुढे 'शांतीची शाळा' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि अनेक देशांत पोचली.

पुढे १९७३ पासून हे तरुण त्रास्तेव्हेरेमधल्या सांत एजिदिओ नावाच्या लहानशा चर्चमध्ये संध्याकाळी प्रार्थनेला जमू लागले. त्या जागेवरूनच समुदायाला नाव पडलं. आंद्रेआ रिकार्दी मोठेपणी इतिहासाचे प्राध्यापक झाले. २०११ साली ते इटलीच्या सरकारात मंत्रीही झाले. पण सुरुवात झाली ती खोपटांतल्या बाराखडीपासून.

पहिली पंगत

आता येऊ या १९८२ च्या नाताळाकडे.

समुदायातल्या तरुणांच्या तोपर्यंत खूप ओळखी झाल्या होत्या. आसपासच्या एकट्या आजी-आजोबांशी, रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांशी. नाताळ जवळ आला आणि त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सणाच्या दिवशी एकटं माणूस जास्तच एकटं पडतं! एरवी दुकानं उघडी असतात, रस्त्यावर वर्दळ असते, चहावाल्याशी दोन शब्द होतात. पण २५ डिसेंबरला सगळं बंद. जो तो आपापल्या घरात. खिडक्यांतून दिव्यांचा उजेड, आतून हसण्याचे आवाज, स्वयंपाकाचे वास. आणि बाहेर जो उभा आहे, त्याला जायला जागा नाही.

तुम्हांला दिवाळीची आठवण झाली का? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बसस्टँडवर कुणी म्हातारी गाठोडं घेऊन बसलेली दिसली, तर आपल्याला एरवीपेक्षा जास्त कसंसंच होतं. का बरं? कारण त्या दिवशी प्रत्येकाने कुठेतरी असायचं असतं. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी माणसांत.

नाताळची मूळ कथाही अशीच आहे. मरिया आणि योसेफ बेथलेहेम गावी पोचले, तेव्हा त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. म्हणून बाळ येशूला गव्हाणीत ठेवावं लागलं. ही कथा त्या तरुणांनी लहानपणापासून ऐकलेली होती. त्यांना वाटलं, ज्या सणाची कथाच 'जागा नाही' अशी आहे, त्या सणाला आपण कुणाला तरी जागा करून देऊ या. कुठे? तर आपल्याकडे जी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत सुंदर जागा आहे, तिथे. चर्चमध्ये!

पहिल्या पंगतीला सुमारे २० पाहुणे होते. बस्स, वीसच! काही आळीतली एकटी म्हातारी माणसं, काही रस्त्यावरचे ओळखीचे लोक. एका टेबलाभोवती मावतील एवढे. पुढच्या वर्षी वाढले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वाढले. आज ७० हून जास्त देशांत सांत एजिदिओचं काम चालतं, आणि नाताळच्या दिवसांत रोमसारख्याच पंगती आफ्रिकेत, आशियात, अमेरिकेतही बसतात. काही चर्चमध्ये, काही शाळांत, काही रस्त्यावर, काही चक्क तुरुंगात. त्रास्तेव्हेरेमध्येच 'रेजिना चेली' नावाचा जुना तुरुंग आहे. तिथल्या कैद्यांबरोबरही हे लोक नाताळचं जेवण करतात.

आजी मोदेस्ता

पण पहिल्या पंगतीला जेमतेम महिना होऊन गेला, आणि एक फार वाईट गोष्ट घडली. मुलांनो, ती सांगू की नको, असं क्षणभर वाटलं. पण तुम्ही आता मोठे होत आहात. सांगते.

रोमचं मुख्य रेल्वे स्टेशन म्हणजे तेर्मिनी. तिथे मोदेस्ता व्हालेंती नावाच्या ७१ वर्षांच्या एक आजी राहायच्या. घर नव्हतं. स्टेशन हेच घर. ३१ जानेवारी १९८३ या दिवशी त्या आजारी पडल्या. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. ती आलीही. पण आजींचे कपडे मळलेले होते, केसांत उवा होत्या. म्हणून त्यांना गाडीत घ्यायला नकार दिला गेला! मग त्यांना न्यायचं कुणी, यावर तासन्‌तास गेले. आणि कुणी न्यायच्या आधीच आजी स्टेशनवरच वारल्या.

समुदायातल्या तरुणांना याचा फार धक्का बसला. ती माणसं रोज रस्त्यावर फिरणारी, तरीही त्यांना वाटलं, हे नाव विसरू द्यायचं नाही. तेव्हापासून दरवर्षी, जानेवारी संपता संपता, ते मोदेस्ता आजींच्या आठवणीसाठी प्रार्थनेला जमतात. रस्त्यावर वारलेल्या कितीतरी माणसांची नावं एकेक करून मोठ्याने वाचली जातात. प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावली जाते.

आणखी एक गोष्ट झाली. रोम शहराच्या दप्तरी आज 'व्हिआ मोदेस्ता व्हालेंती' असा एक रस्ता आहे. 'व्हिआ' म्हणजे रस्ता. पण नकाशा घेऊन शोधायला गेलात, तर हा रस्ता सापडायचा नाही! तो फक्त कागदावर आहे. असं कसं? तर इटलीत ओळखपत्र काढायचं असो, डॉक्टरकडे नाव नोंदवायचं असो, पेन्शन घ्यायचं असो, पत्ता लागतो. ज्यांना घरच नाही त्यांनी कुठला पत्ता लिहायचा? त्यांच्यासाठी नगरपालिकेने हा कागदावरचा रस्ता ठेवला. ज्या आजींना शेवटपर्यंत पत्ता नव्हता, त्यांचंच नाव आता बेघर माणसांचा पत्ता झालं आहे.

नावात काय काय असतं

आता पुन्हा पंगतीकडे वळू. मला या पंगतीतली जी गोष्ट सगळ्यांत आवडली, ती सांगते.

पाहुण्यांना आमंत्रण दिलं जातं, तेही नावाने. "गरिबांसाठी मोफत जेवण, दुपारी १ वाजता" अशी पाटी लावून काम भागलं असतं की! पण तसं करत नाहीत. कितीतरी आठवडे आधीपासून तयारी चालते. कोण कुठल्या कोपऱ्यावर झोपतो, कोणत्या आजी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, कुणाला जिना उतरता येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. कारण वर्षभर जाणंयेणं असतं. मग त्या माणसाच्या हातात आमंत्रण ठेवलं जातं. जेवण झाल्यावर लाल कपड्यातला 'बाब्बो नाताले', म्हणजे आपला नाताळबाबा, भेटवस्तू घेऊन येतो. प्रत्येक पुडक्यावर नाव लिहिलेलं असतं. आतली वस्तूही माणूस पाहून निवडलेली. ज्याला थंडी बाधते त्याला लोकरीचा गळपट्टा. ज्याला गाण्यांची आवड त्याला छोटा रेडिओ. असं!

ताटात काय असतं, हे विचारणारच तुम्ही! लझान्ये असतं. म्हणजे मैद्याच्या पातळ पोळीसारख्या पट्ट्यांचे थर, मध्ये रस्सा आणि चीज घालून भट्टीत भाजलेले. मग खिम्याचा भाजलेला मोठा रोट, त्याच्याबरोबर मसूर. हो, आपल्या आमटीतलेच मसूर! इटलीत नव्या वर्षाच्या सुमारास मसूर शुभ मानतात. त्याचे चपटे गोल दाणे नाण्यांसारखे दिसतात ना, म्हणून! शेवटी फळं, आणि बेदाणे घातलेला उंच, घुमटासारखा केक, पानेत्तोने.

वाढून झालं की वाढपीही पाहुण्यांच्या शेजारी बसतात. हे महत्त्वाचं आहे बरं का! गप्पा होतात, गाणी होतात. थोड्या वेळाने कुणी बाहेरचा माणूस आत आला, तर यजमान कोण आणि पाहुणे कोण, हे त्याला ओळखू येत नाही. काही जण तर एके काळी पाहुणे म्हणून आलेले, आता वाढायला येतात.

वर्गात आम्ही रोज हजेरी घेतो. लहान वर्गातल्या मुलांना त्याचं केवढं अप्रूप! एखाद्याचं नाव चुकून घ्यायचं राहिलं, तर तो लगेच बोट वर करतो, "बाई, माझं नाव नाही घेतलं!" वर्गात तर तो समोरच बसलेला असतो. सगळ्यांना दिसतही असतो. तरी त्याला आपलं नाव ऐकायचं असतं. आता असा विचार करा, की एखाद्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं कुणी घेतलेलंच नाही. "ए म्हातारे", "चल, ऊठ इथून", एवढंच त्याच्या कानावर पडलेलं. त्या माणसाच्या हातात स्वतःचं नाव लिहिलेलं पुडकं आलं, तर त्याला कसं वाटेल?

एक अवघड प्रश्न

ही हकिगत मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली. मुलं मन लावून ऐकत होती. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "पण बाई, २६ तारखेला ती माणसं काय खाणार?"

किती नेमका प्रश्न! एक दिवस लझान्ये आणि उरलेले ३६४ दिवस उपाशी, असं असेल तर त्या पंगतीचा काय उपयोग? हा प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारायला हवा. कारण आपल्याकडेही असं होतं. वर्षातून एकदा खाऊवाटप होतं. पाहुणे येतात, हार घालतात, फोटो काढतात, जातात. वस्तू घेणाऱ्या मुलाला मंचावर उभं करतात आणि त्याच्या गरिबीवर भाषण करतात. वही मिळते, पण मान खाली जाते. त्या दिवशी मूल घरी जाऊन ती वही कोपऱ्यात टाकून देतं, असंही मी पाहिलं आहे.

मग सांत एजिदिओच्या लोकांकडे २६ तारखेचं उत्तर आहे का? आहे. १९८८ साली त्यांनी त्रास्तेव्हेरेमधल्या दांदोलो रस्त्यावर एक भोजनगृह सुरू केलं. तिथे गरिबांना टेबलाशी बसवून वाढतात. २७ डिसेंबर २००९ रोजी तेव्हाचे पोप सोळावे बेनेडिक्ट तिथे आले, आणि त्याच टेबलाशी बसून सगळ्यांबरोबर जेवले. शिवाय संध्याकाळी स्वयंसेवक गटागटाने रस्त्यांवर जातात. बरोबर खायचे पदार्थ, काहीतरी गरम पेय आणि थंडीत पांघरुणं. आणि हो, बसून बोलायला वेळही!

१९९० पासून ते दरवर्षी एक लहानशी पुस्तिका काढतात. खिशात मावेल एवढी. तिच्यात जेवण कुठे मिळेल, झोपायला कुठे जागा आहे, अंघोळ कुठे करता येईल, औषधं कुठे मिळतील, असे सगळे पत्ते असतात. श्रीमंत प्रवाशांसाठी चांगल्या हॉटेलांची 'मिशेलिन गाइड' नावाची प्रसिद्ध पुस्तिका असते. म्हणून रोमचे लोक या पुस्तिकेला म्हणतात, 'गरिबांची मिशेलिन'!

म्हणजे नाताळची पंगत हे झाडाचं फूल. मुळं वर्षभर जमिनीखाली काम करत असतात. म्हणून तर आमंत्रणावर नाव लिहिता येतं. वर्षभर ओळख नसेल तर नाव कळणार कसं?

२०२० साली या सगळ्याची परीक्षाच झाली. करोनामुळे इटलीत नाताळच्या दिवशी घराबाहेर पडायला कडक बंदी होती. चर्चमध्ये शेकडो माणसांनी जवळजवळ बसून जेवणं शक्यच नव्हतं. मग काय केलं? जेवण बांधून घेतलं आणि ज्याच्या त्याच्या दाराशी, ज्याच्या त्याच्या कोपऱ्यावर पोचवलं. पंगत मोडली, पण पाहुणा उपाशी राहू दिला नाही. आणि हे जमलं कशामुळे? कोण कुठे राहतो, हे आधीच ठाऊक होतं म्हणून!

मुलांचा बाजार

तुमच्यासारख्या मुलांचंही तिथे एक काम आहे. ते ऐकून तुम्हांला नक्की मजा वाटेल. समुदायाच्या कामात सहभागी होणारी मुलं वापरलेली खेळणी गोळा करतात. धुतात, पुसतात, बाहुलीचा तुटलेला हात जोडतात, मोटारीची चाकं बसवतात. आणि नाताळच्या दिवसांत चौकात टेबलं मांडून ती विकतात. या बाजाराचं नाव 'रिजोकात्तोलो'. 'जोकात्तोलो' म्हणजे खेळणं, आणि 'रि' म्हणजे पुन्हा. पुन्हा खेळणं! मिळालेले पैसे जातात 'ड्रीम' नावाच्या कामासाठी. आफ्रिकेतल्या एड्सच्या रुग्णांवर उपचार करण्याचं हे काम २००२ साली मोझांबिक देशात सुरू झालं.

मोझांबिकच का? तीही एक गोष्टच आहे. त्या देशात पंधरा-सोळा वर्षं यादवी युद्ध चालू होतं. लाखो माणसं मेली. सांत एजिदिओचे लोक तिथे मदतीचं सामान पाठवायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, लढाई थांबल्याशिवाय कितीही धान्य पाठवलं तरी पुरणार नाही. म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना रोमला, आपल्या त्रास्तेव्हेरेतल्या घरात बोलावलं. दोन वर्षांहून जास्त काळ बोलणी चालली. आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शांततेचा करार झाला! एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्यांना एका टेबलाशी बसवायचं, हेही एका परीने पंगत मांडण्यासारखंच, नाही का?

आपण काय करू या?

"बाई, आम्ही कुठे रोमला जाणार?" असं तुम्ही म्हणाल. जायची काही गरज नाही. या सुट्टीत हे करून पाहा.

१. आपल्या आळीत, इमारतीत, वाटेवर तुम्हांला रोज दिसणारी पाच माणसं आठवा. कचरा नेणाऱ्या मावशी, रात्रीचे राखणदार काका, कोपऱ्यावर चपला शिवणारे आजोबा. त्यांची नावं तुम्हांला माहीत आहेत का? नसतील तर विचारा. आधी आपलं नाव सांगा, मग त्यांचं विचारा. "काका, तुमचं नाव काय हो?" एवढं म्हणायचं. वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या नावाने हाक मारा.

२. घरात न वापरलेली खेळणी असतील ती काढा. पण मोडकं, मळकं तसंच कुणाला देऊ नका हं! धुवा, दुरुस्त करा, चांगल्या कागदात बांधा. आपल्याला कुणी दिलं तर आवडेल का, असा विचार करूनच द्या.

३. घरी सणाचं काही गोडधोड झालं की एक वाटी एकट्या राहणाऱ्या एखाद्या शेजारच्या आजींकडे घेऊन जा. मोठ्यांना विचारून जायचं बरं का! आणि वाटी दारात ठेवून पळून यायचं नाही. पाच मिनिटं बसा. त्यांच्या लहानपणचा सण कसा असायचा, ते विचारा.

४. शाळेत पोषण आहार वाढायची पाळी आली, तर पहिलीतल्या मुलांना नाव घेऊन विचारा, "तुला अजून हवं का रे?" मूल त्या दिवशी पोटभर जेवतं. मी रोज पाहते.

आणि आईबाबांसाठी दोन शब्द. सुट्टीत मुलं असलं काही करायला निघाली तर त्यांच्याबरोबर तुम्हीही जा. अनोळखी माणसाशी बोलताना मोठं माणूस सोबत हवंच. पण "कशाला त्यांच्या नादी लागतोस?" असं पटकन म्हणू नका. आणि मुलाने कुणाला काही दिलं, तर कृपा करून त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवू नका. घेणाऱ्यालाही एक नाव असतं, आणि त्याचीही मुलं तो फोटो पाहत असतात.

वहीत किती नावं जमली, ते मला पत्राने नक्की कळवा. नावं सगळी लिहू नका, नुसती संख्या लिहा. आणि त्यांतल्या एखाद्या माणसाने तुम्हांला काही छान सांगितलं असेल, तर तेवढं मात्र जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर, बुओन नाताले!

तुमची,
बाई